शून्य ठोके

पन्नासावा ठोका पडला तरी खडूची खूण जमिनीच्या वर बोटभर राहिली होती. शेवंतानं हात वर केला. गणपतनं विंचचा दांडा सोडला आणि लोखंडी घण रॉडवर तसाच टेकून राहिला.

"किती?" गणपत ओरडला.

शेवंतानं पाची बोटं दाखवली आणि मूठ मिटली. पन्नास. बावीस वर्षं घणाशेजारी उभं राहून गणपतचे कान गेले होते. तो सगळ्यांशीच ओरडून बोलायचा, आणि ठोके मोजायचं काम चार वर्षांपासून त्याच्या बायकोकडे, शेवंताकडे होतं. गणपत दांडा हाताळायचा, त्याचा चुलतभाऊ अनिल इंजिन आणि पाण्याचा पंप बघायचा, शेवंता रॉडवर खडूनं तीन खुणा करायची, प्रत्येक खूण पंधरा सेंटिमीटर अंतरावर, आणि एकेका खुणेला किती ठोके लागले ते वहीत लिहायची. साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून सोडायचा. जमीन मऊ असली की खूण पटकन आत जाते. घट्ट असली की जास्त ठोके लागतात. पन्नास ठोक्यांतही एक खूण आत गेली नाही तर तिथं कातळ लागला असं समजायचं, घण बाजूला करायचा आणि दगड कापणारं बिट लावायचं.

धारगळचा हायवे सोडून आत चार किलोमीटर आलं की हा सडा, उघडं पठार, लागतो. वर काळा-लाल जांभा, मधेमधे वाळलेलं गवत, कडेला काजूची झाडं. एप्रिल अर्धा झाला होता. बोंडूंचा आंबूस वास दुपारच्या उन्हात नाकाला चिकटून बसायचा. या सड्यावर पाच लाख लिटरची पाण्याची टाकी होणार होती आणि ती बांधायच्या आधी जमीन कशी आहे ते बघायला चार भोकं पाडायची होती. टाकीच्या बरोबर खाली, उतारावर, बत्तीस घरांचा वाडा होता.

पहिल्या भोकाला संध्याकाळपर्यंत तीन मीटर दगड कापून झाला. नळीतून निघालेले लालसर, भोकाभोकांचे तुकडे शेवंतानं धुऊन लाकडी पेटीत ओळीनं मांडले, रंगानं त्यांवर आकडे घातले. सुपरवायझर सतीश म्हापशाहून मोटारसायकलवर आला. त्यानं पेटी पाहिली, वही पाहिली.

"साडेचार मीटर. कातळात तीन मीटर गेलो. नियमाप्रमाणे बस झालं," तो म्हणाला. "अशीच उरलेली तीन उरका. परवा पाणीखात्याच्या इंजिनियर अंकिता मॅडम येतील, बघतील, सही करतील. काय गणपतराव? झकास!"

गणपतला 'झकास' एवढं ओठांवरून कळलं. तो हसला.

शेवंतानं वहीत लिहिलं: दीड मीटरपासून खाली कातळ.

*

टोळीला राहायला वाड्यात कमलाक्षीकाकूंच्या गोठ्यामागची खोली मिळाली होती. काकूंचा मुलगा गुरुदास म्हापशाला एका दुकानात होता. सूनबाई माहेरी गेलेली. काकू एकट्याच अंगणात बसून बोंडू पिळून काजू वेगळे करत होत्या. हात कोपरापर्यंत चिकट.

"काय गो, आज लवकर सुटलात?"

"कातळ लागला, काकी. एक भोक झालं."

"कातळ?" काकूंनी मान वर केली. "आमच्या सड्यार खंयचो कातळ? ती वरची साय, बाय."

"साय?"

"दुधावर येता ती. वर जांभो, तीन पुरुष खोल. त्याच्या पोटात शेडी." काकूंनी हात फडक्याला पुसले आणि अंगणातल्या विहिरीकडे बोट केलं. "माझ्या मामंजींनी ही बांय खणली. दगड फोडून फोडून कंबर मोडली त्यांची. आणि मग एका सकाळी पहार हातातसून निसटली. खाली गेली ती गेलीच. आजपर्यंत मिळाली नाय."

शेवंता हसली. पण हसू तोंडावर राहिलं नाही. "काकी, शेडी म्हणजे काय वो?"

काकूंनी चुलीमागून नारळाची करवंटी आणली. चूल सारवायला ठेवलेला पांढरा-गुलाबी गोळा तिच्यात होता. शेवंतानं तो घेतला. गोळा सुकलेला होता तोवर खडूसारखा लागला. काकूंनी वर चूळभर पाणी टाकलं. बोटांत नुसता दाबला तर बोटं आरपार गेली. हातावर साबण चोळावा तसा गुळगुळीत राप बसला.

ती विहिरीच्या काठावर गेली. अजून उजेड होता. वाकून बघितलं; पाणी आटलेलं होतं. वरचा भाग नुसताच कापलेला होता, त्याला बांधकामाची गरजच पडली नव्हती, जांभा भिंतीसारखा उभा. पण खाली, तीन माणसं एकावर एक उभी राहतील तिथं, दगड संपत होता आणि तिथून पुढं चिरे रचून आतून बांध घातलेला होता. बांधाच्या सांध्यांतून पांढुरका चिखल बाहेर आलेला होता.

तीन पुरुष म्हणजे पाच मीटर. टोळी साडेचारावर थांबली होती.

रात्रीची भाकरी वाढताना तिनं गणपतच्या कानाशी तोंड नेलं. "आवं, उद्या तीन मीटरवर थांबायचं न्हाई. खाली जायचं."

"का?"

"खाली चिखल हाय."

"आपल्याकडं कातळ लागला की खाली कातळच असतोय. दोनशे फूट जा," गणपत ओरडला. खोलीबाहेर गाय दचकून उभी राहिली. "मी चंदगडापासनं बेळगावपर्यंत भोकं पाडल्यात."

"हे बेळगाव न्हाई."

गणपत जेवत राहिला. भाकरी संपल्यावर हात धुतला, दाराशी बसला, बिडी पेटवली. मग हळू म्हणाला, म्हणजे त्याच्या मानानं हळू, "डिझेल मोजून देतोय सतीश. खाली गेलो तर विचारंल."

"विचारू दे."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दुसऱ्या भोकात दगड संपला.

पाच मीटर वीस. इंजिनचा आवाज एकाएकी हलका झाला, रॉड हातभर खाली घसरला आणि भोकातून वर येणारं लाल पाणी पांढरं झालं. अनिलनं पंप बंद केला. तिघंही भोकाकडे बघत राहिली.

"चमचा लाव," गणपत म्हणाला. ठोक्यांच्या वेळी रॉडच्या टोकाला लावायची, मधोमध दोन भागांत उघडणारी पोकळ नळी, तिला टोळीत चमचाच म्हणत.

चमचा खाली सोडला. शेवंतानं रॉडवर खडूनं तीन खुणा केल्या. गणपतनं घण वर घेतला, रॉडच्या डोक्यावर नुसता टेकवला, अजून ठोका घातलाही नव्हता. पहिली खूण जमिनीत गेली. मग दुसरी. तिसरी अर्धी जाऊन थांबली. गणपतनं एक ठोका घातला. तीही गेली.

शेवंतानं वहीत लिहिलं. शून्य. शून्य. एक.

चमचा वर काढून उघडला. आत काकूंच्या करवंटीतलीच माती, ओली, गुलाबी-पांढरे पट्टे असलेली. अनिलनं त्यात अंगठा घातला आणि अंगठा गेला.

"ह्याच्यावर टाकी?" तो म्हणाला.

गणपतनं डोक्याचा टॉवेल सोडला, चेहरा पुसला आणि पहिल्या भोकाकडे बघितलं. काल तिथं त्यानंच दांडा थांबवला होता.

सतीश चार वाजता आला. हेल्मेट काढायच्या आधीच त्यानं चमच्यातली माती पाहिली.

"कुणी सांगितलं होतं खाली जायला?"

"मी," शेवंता म्हणाली.

"तू? तू कोण? इंजिनियर?" त्यानं वही ओढून घेतली. "शून्य? शून्य कोणी लिहितं का? हे असं गेलं तर डिझाईन बदलणार, खालपर्यंत पाईलचे खांब घालावे लागणार, फाईल परत पणजीला. सहा महिने गेले. आणि बोलणी कुणाला? मला." त्यानं खिशातून पेन काढलं. "हे घे. अठरा, चोवीस, पन्नास. लिही. आणि पेटीतले पहिल्या भोकाचे दोन तुकडे ह्या भोकाच्या ओळीत ठेव. दगड दगडच असतो."

"मला न्हाई जमायचं."

"काय नाही जमायचं? सातवी पास आहेस ना? आकडे येतात ना?"

"आकडं येत्यात म्हणूनच."

सतीश हसला, अनिलकडे बघून, जणू अनिलही हसेल म्हणून. अनिल जमिनीकडे बघत होता. "बहिरा ड्रिलर आणि सातवी पास बाई. आणि मी यांच्या वहीवर रिपोर्ट लिहायचा. गणपतराव!" तो गणपतच्या तोंडासमोर जाऊन ओठ लांबवून बोलू लागला, लहान मुलाशी बोलावं तसं. "भो-क बु-ज-वा. क-ळ-लं?"

गणपतला कळलं होतं. तो जागचा हलला नाही.

सतीशनं फावडं घेतलं आणि स्वतःच भोकाच्या तोंडाशी जमलेला लाल मुरूम आत ढकलायला लागला. पाच-सहा फावडी मारून दमला. शर्ट पाठीला चिकटला. मग अनिलला म्हणाला, "कर पुरं. नाहीतर तुलाही उद्या घरी पाठवतो." अनिलनं शेवंताकडे बघितलं. तिनं मान हलवली, कर म्हणून. त्याच्या घरी दोन महिन्यांचं पोर होतं. अनिलनं भोक बुजवलं.

जाताना सतीशनं डिझेलचा कॅन मोटारसायकलला बांधला आणि इंजिनचा हँडल पिशवीत घातला. "उद्या दहाला मॅडम येतील. पेटी दाखवायची. तोंड बंद. वही मी नेतो आहे."

"वही माझी हाय," शेवंता म्हणाली आणि हात पुढं केला.

त्यानं वही तिच्या पायाशी टाकली. "ठेव. तुझ्याच अक्षरात पहिल्या भोकाला कातळ लिहिलाय. ते दाखव मॅडमना."

*

वाड्यात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. काकूंच्या अंगणात पाच-सहा बायका उभ्या होत्या. त्यांत सड्याजवळच्या पहिल्या घरातली चंद्रावती पुढं होती, कंबरेवर रिकामा हांडा घेऊन. तिला टँकरच्या रांगेतून उठवून आणलं होतं बहुधा.

"काय गो, तू टाकी बंद करतंस?"

"बंद न्हाई, ताई. खाली शेडी हाय म्हणून सांगते."

"शेडी असा तर असा. आमच्या आज्यापणज्यांची घरां शेडीवरच असत." चंद्रावतीनं हांडा खाली आपटला. "बारा वर्षां पाणी वाहतंय मी. डोक्यावरचे केस गेले. यंदा टाकी नाय झाली तर परत बारा."

"आणि पाच लाख लिटर कोसळलां मगे?" कमलाक्षीकाकू ओसरीवरून म्हणाल्या. "घर तुझा पहिला. नंतर माझा. हांडो डोक्यावर बरो, चंद्रा. टाकी डोक्यावर घेवची ताकद माझ्यात नाय."

कोणीतरी हसलं. चंद्रावती हसली नाही, पण तिनं हांडाही उचलला नाही.

"टाकी व्हायलाच पायजे," शेवंता म्हणाली. "खाली घट्ट कुठं लागतंय ते बघून. खांब तिथवर न्यायचे. मग हजार वर्षं राहू दे. पण उद्या मॅडमनी सही केली तर कुणी परत बघायचं न्हाई."

"मग सांग मॅडमना."

"लेबरचं कोण ऐकतंय? डोळ्यांनी बघायला पायजे. भोक उघडायला पायजे. आन् इंजिनचा हँडल नेलाय, डिझेल नेलंय."

तेवढ्यात गुरुदास कामावरून आला. मोटारसायकल उभी करता करता त्यानं शेवटची दोन वाक्यं ऐकली. "इंजिन नव्हता तेव्हा काय करत?" त्यानं गणपतला विचारलं. गणपतला ऐकू गेलं नाही. शेवंतानं हातानं दाखवलं: इंजिन नाही, मग कसं?

गणपतचा चेहरा सबंध दिवसात पहिल्यांदा सुटला. "दोर!" तो ओरडला. "माझा बाप दोरानं करायचा! चार माणसं ओढत्यात, एक सोडतंय! तिपाई हाय, कप्पी हाय, घण हाय. माणसं पायजेत!"

काकूंनी बायकांकडे बघितलं. "विहिरीवर दोर ओढून म्हातारी झालंव. आणखी काय शिकूचा असा?"

*

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाड्यात वाजायच्या आधी ती सगळी सड्यावर होती. गुरुदासनं सुट्टी टाकली होती. अनिल आला, काही न बोलता कप्पीला ग्रीस लावू लागला. सात बायका, तीन पुरुष. चंद्रावती सगळ्यात शेवटी आली आणि दोराच्या पहिल्या टोकाला जाऊन उभी राहिली.

काल टाकलेला मुरूम सैल होता. गणपतनं तिपाईवरून बादलीसारखी लोखंडी नळी सोडली, ओढायची, वर आणायची, उपडी करायची. ओढ म्हणायला तो हात वर करायचा, सोड म्हणायला खाली. आवाज द्यायची गरज नव्हती. तळहात सोलले. काकूंनी आपला पदर फाडून दोन बायकांच्या हातांना बांधला. ऊन चढलं. जांभ्यावर अनवाणी पाय टेकवेना तेव्हा काजूचा पालापाचोळा आणून टाकला.

नऊ वाजता मुरूम संपला आणि नळीतून पांढरं आलं. अनिल थांबला.

"अजून खाली," शेवंता म्हणाली.

"लागली की शेडी."

"तो म्हणंल ही भरलेली माती हाय. अजून हातभर खाली. जिथं कुणाचं फावडं गेलं न्हाई तिथं."

ती सगळी पुन्हा दोराला लागली.

दहा वाजून वीस मिनिटांनी पांढरी जीप आली. अंकिता मॅडम उतरल्या, तिशीच्या, टोपी घातलेल्या, हातात क्लिपबोर्ड. मागून मोटारसायकलवर सतीश, डिझेलचा कॅन अजून मागं बांधलेला. त्यानं दोर, बायका, उघडं भोक पाहिलं आणि तो मॅडमच्या पुढं झाला.

"मॅडम, इकडे," तो लाकडी पेटीकडे बोट करत म्हणाला. "कोअर बॉक्स तयार आहे. चारही ठिकाणी कातळच..."

"चार?" शेवंता म्हणाली. "दोनच झाल्यात."

"ही लेबर, मॅडम. लक्ष देऊ नका."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "मला बाराला डिचोलीला पोचायचं आहे. हे लोक काय करतायत?"

शेवंता पुढं आली. हात पांढरे, पदर मळलेला, वही छातीशी. "मॅडम, पहिल्या भोकाला कातळ मी लिहिला. माझी चूक हाय ती. आमी साय बघून परत फिरलो. दुसऱ्याला खाली गेलो तर शेडी लागली. सायेबांनी भोक बुजवलं. आमी उघडलं. दहा मिन्टं बघा. मग डिचोलीला जावा."

"मॅडम, ते भोक मीच भरून घेतलं होतं, बरोबर," सतीश पटकन म्हणाला. "आता त्यातली सैल माती दाखवून..."

"भरलेली माती लाल होती," शेवंता म्हणाली. "सड्यावरची. आता बघा कुठली येती ती."

मॅडमनी क्लिपबोर्ड जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि भोकाशी आल्या.

शेवंतानं रॉड पुसला. खडू घेतला, पट्टी लावली, मॅडमना दिसेल अशा तीन खुणा केल्या. मॅडमनी स्वतःची टेप काढून मोजल्या. पंधरा, पंधरा, पंधरा. बरोबर होत्या.

दोराला सगळी लागली. चंद्रावती पहिली, मागं काकू, गुरुदास, बाकीच्या. गणपतनं हात वर केला. घण उचलला गेला, रॉडच्या डोक्यावर हळू टेकला. ठोका नाही, नुसता टेकला. सगळ्यांच्या तोंडावर 'एक' तयार होतं. मोजायला सगळीच टपली होती.

पहिली खूण जमिनीत गेली.

कोणी 'एक' म्हटलं नाही. म्हणायला ठोकाच पडला नव्हता. दुसरी खूण गेली. दोरावरचे हात तसेच ताणलेले, घण नुसता बसून, आणि तिसरी खूण हळूहळू, थांबतेय असं वाटता वाटता, तीही गेली. चंद्रावतीनं खाली आपल्या घराच्या कौलांकडे बघितलं.

चमचा वर आला. अनिलनं तो मॅडमसमोर उघडला. आत एकही लाल कण नव्हता. गुलाबी आणि पांढरे पट्टे एकावर एक, फावड्यानं ढवळलेल्या मातीत असे पट्टे राहत नाहीत. मॅडमनी पेन्सिल घेतली, मातीवर टेकवली. पेन्सिल स्वतःच्या वजनानं कलली आणि आत गेली.

"सतीश," मॅडम म्हणाल्या. "ही माहिती काल होती तुमच्याकडे?"

"मॅडम, ते... लेबरनं चुकीचं..."

"होती का?"

सतीश हेल्मेटचा पट्टा चाचपू लागला.

शेवंतानं वही उघडली. पहिल्या भोकाच्या ओळीवर, 'कातळ' या शब्दावर, पट्टी लावून सरळ रेघ मारली. शब्द वाचता येत होता. त्याच्या पुढं लिहिलं: खाली गेलो नाही. मग दुसऱ्या भोकाचं पान काढून पेनासकट मॅडमसमोर धरलं.

"आजचं तुमी लिवा," ती म्हणाली. "आन् खाली सही करा."

"मी रिपोर्टवर करते सही. फील्ड बुकावर सुपरवायझरची असते."

"मग रिपोर्टवर काय लिवलं ते आमास्नी कधी कळायचं? हितं करा. ह्या सगळ्यांच्या समोर."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग दोर धरून उभ्या असलेल्या बायकांकडे. कुणी दोर सोडला नव्हता. मॅडमनी पेन घेतलं. शून्य. शून्य. शून्य. तारीख घातली. सही केली. "पहिलं भोक परत खोल करा," त्या म्हणाल्या. "चारही वीस मीटर, किंवा घट्ट लागेपर्यंत. मी सोमवारी परत येते."

जीप गेल्यावर सतीश भोकाजवळ आला. चेहरा उन्हानं की कशानं, लालबुंद.

"सामान बांधा," तो म्हणाला. "उद्या दुसरी टोळी येईल. तुमच्यासारखे म्हापशाच्या स्टँडवर पन्नास मिळतात."

गणपतनं त्याचे ओठ वाचले. मग खाली वाकला, घण उचलून कप्पीला परत अडकवला आणि पहिल्या भोकाकडे चालू लागला. अनिल तिपाईचा एक पाय धरून त्याच्या मागं. गुरुदासनं दुसरा धरला.

शेवंता जागेवरच उभी होती. तळहातावरची पांढरी शेडी सुकून तडकली होती. तिनं ती झटकली.

"येऊ दे की दुसरी टोळी," ती म्हणाली. "ती येईस्तोवर आमी हाय. डिझेलचा कॅन काढा मोटारसायकलवरनं, सायेब. आन् हँडल द्या. चार भोकं वीस मीटर जायची हाईत. हातानं सोमवारपतोर व्हायची न्हाईत."